अंगणातली हिरवळ: निगा, पाणी आणि तणांचा बंदोबस्त

अंगणातल्या हिरवळीत तण माजले की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, कोणते औषध मारावे? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा आहे. बहुतेक तणांच्या बीला रुजायला ओल, उजेड आणि उघडी माती लागते, आणि या तिन्ही गोष्टी त्याला एकत्र मिळतात त्या गवत विरळ झालेल्या जागी. गवत दाट असेल तर जमिनीलगत उजेडच पोहोचत नाही आणि मातीतले बरेचसे बी तसेच पडून राहते. म्हणून तणाला हात घालण्याआधी त्या जागी गवत विरळ का झाले, याचा शोध घ्यावा. कारणे बहुतेक ठरलेली असतात: कापणी फार खालून होणे, रोज वरवर पाणी शिंपडणे, सारखे चालून माती घट्ट होणे, झाडाची किंवा भिंतीची सावली वाढणे, किंवा वर्षानुवर्षे खत न मिळणे. कारण तसेच ठेवून नुसते तण काढले, तर पुढच्या पावसात त्याच जागी तेच तण पुन्हा उभे राहते.

पुढील विवेचन साधारण २०० ते १००० चौरस फुटांच्या घरगुती हिरवळीसाठी आहे. एवढी जागा घरातील माणसे हाताने सांभाळू शकतात. उदाहरणासाठी सर्वत्र २०० चौरस फूट, म्हणजे सुमारे १८.५ चौरस मीटर जागा धरली आहे. आपल्या जागेप्रमाणे आकडे वाढवून घ्यावेत.

गवताची निवड

शेतात हराळी, कुंदा आणि लव्हाळा या तीन चिवट तणांची नावे एकत्रच घेतली जातात, कारण तिन्ही जमिनीखालून पसरतात आणि सहजासहजी मरत नाहीत. अंगणात मात्र हराळीचा हाच गुण कामी येतो. गणपतीला वाहतो ती दूर्वा म्हणजे हीच हराळी. ती ऊन सोसते, पाय सोसते, उन्हाळ्यात वाळल्यासारखी दिसली तरी पाऊस पडताच जमिनीखालच्या खोडांतून पुन्हा फुटते. रोपवाटिकांत ‘सिलेक्शन नंबर वन’ म्हणून मिळणारे गवत हे तिचेच बारीक पानांचे रूप आहे. देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात, जिथे उन्हाळा कडक आणि पाणी मोजके असते, तिथे मी दुसऱ्या गवताचा विचारच करू नये असे म्हणेन. तिची अट एकच आहे: दिवसाला किमान सहा तास थेट ऊन.

मेक्सिकन किंवा कोरियन लॉन या नावाने विकले जाणारे गवत दिसायला मऊ आणि गर्द असते व हळू वाढते, त्यामुळे कापणी कमी लागते. परंतु हळू वाढणे हीच त्याची उणीवही आहे, कारण एखादी जागा उघडी पडली की ती भरून यायला त्याला बराच काळ लागतो आणि तेवढ्यात तण आत शिरते. वेळेवर न कापल्यास त्याचे उंचवटे तयार होतात व खाली वाळक्या काड्यांचा जाड थर साठतो. अर्धवट सावली असेल तर सावलीतले गवत म्हणून मिळणारे रुंद पानांचे गवत लावावे. जिथे तीन तासही ऊन येत नाही, अशा आंब्याखालच्या किंवा दोन इमारतींमधल्या जागेत मात्र हिरवळीचा हट्ट सोडून सावलीत वाढणारी शोभेची झाडे लावलेली बरी, कारण तिथे गवत दर वर्षी विरळ होणार आणि तणाची दर वर्षी सोय होणार.

लावणीपूर्वी माती तणमुक्त करणे

हिरवळीतले निम्मे तण आपणच विकत आणतो, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही. घराचे बांधकाम संपले की राडारोडा पसरून त्यावर ब्रासच्या हिशेबाने लाल माती टाकली जाते, आणि त्या मातीबरोबर लव्हाळ्याच्या गाठी येतात. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून माठ, गाजरगवत आणि इतर अनेक तणांचे बी येते. म्हणून माती खरेदी करण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. ढिगाच्या आतल्या भागातून बादलीभर माती आणावी, ती उथळ ट्रेमध्ये पसरून दोन आठवडे ओली ठेवावी आणि काय उगवते ते पाहावे. बारीक बीतून आलेली रोपे दिसली तर चिंता नाही. पण टोकदार, चकचकीत, जाडसर कोंब एकामागून एक वर येऊ लागले, तर ती माती लव्हाळ्याची आहे असे समजून दुसरीकडून घ्यावी. २०० चौरस फुटांवर ३ इंचांचा थर द्यायला ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास माती पुरते. एवढ्या मातीसाठी दोन आठवडे थांबणे पुढची दोन वर्षे खुरपत बसण्यापेक्षा नक्कीच सोपे आहे.

जागा आधीपासूनच तणाने भरलेली असेल, तर एप्रिल आणि मे हे दोन महिने हाताशी धरावेत. प्रथम जमीन ९ ते १२ इंच खोल खणून ढेकळे उलटी टाकावीत आणि तशीच उन्हात तापू द्यावीत. लव्हाळ्याच्या गाठी आणि कुंद्याची भूमिगत खोडे पूर्ण वाळली की मरतात. ओलावा राहिला तर मात्र जगतात, म्हणून या काळात त्या जागेला पाणी अजिबात लागू देऊ नये. शेतकरी उन्हाळ्यात खोल नांगरट करतो, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे. दोन-तीन आठवड्यांनी ढेकळे फोडून वर आलेल्या गाठी व मुळ्या दाताळ्याने ओढून गोळा कराव्यात आणि त्या कंपोस्टमध्ये कधीही टाकू नयेत.

मेच्या शेवटी दुसरा टप्पा सुरू होतो. जमीन सपाट करून त्यावर चांगले पाणी द्यावे आणि आठ-दहा दिवसांत जे उगवेल ते उगवू द्यावे. हे उगवलेले तण दोन पानांवर असतानाच खुरप्याने फक्त वरवर, अर्धा-पाऊण इंच खोलीवर खरवडून काढावे. खोल खणल्यास खालचे नवीन बी वर येते व सगळी मेहनत वाया जाते. पुन्हा पाणी द्यावे, पुन्हा उगवू द्यावे, पुन्हा खरवडावे. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की वरच्या थरातील बीचा साठा बराच कमी झालेला असतो. या फेऱ्यांऐवजी ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ कागद चार ते सहा आठवडे कडांना माती लावून घट्ट पसरण्याची पद्धतही चांगली आहे. उन्हाळ्यातल्या उष्णतेने वरच्या थरातले पुष्कळसे बी मरते. लव्हाळ्याच्या खोल गाठींच्या बाबतीत मात्र या उपायावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

जमीन समतल करताना घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला दर मीटरला १ ते २ सेंटिमीटर उतार द्यावा. काळ्या मातीत निचऱ्याचा प्रश्न मोठा असतो. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून वरच्या ६ इंचांत चांगले कुजलेले कंपोस्ट आणि भरड वाळू मिसळावी. कोकण-गोव्यातील जांभ्याची माती निचऱ्याला चांगली पण आम्लधर्मी असते. तिथे चुन्याचा उपयोग होऊ शकतो, परंतु मातीपरीक्षण केल्याशिवाय चुना टाकू नये. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा शासकीय मृद चाचणी प्रयोगशाळेत ही तपासणी होते.

लावणी

पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यानंतरचा काळ, म्हणजे जूनचा उत्तरार्ध ते जुलै, लावणीला उत्तम असतो. मुळे असलेल्या काड्यांचे छोटे जुडगे ३ ते ४ इंच अंतरावर टोचून लावावेत, माती पायाने दाबावी आणि पाऊस नसेल त्या दिवशी हलके पाणी द्यावे. मातीसकट कापलेल्या गवताच्या तयार गाद्या आणून पसरल्या तर काम एका दिवसात होते, पण त्या आणण्यापूर्वी उलट्या करून खालची माती नीट पाहावी. त्यात काळपट गाठी दिसल्या तर त्या गाद्या परत कराव्यात. काड्या लावल्यापासून जमीन झाकली जाईपर्यंतचे दोन-अडीच महिने सर्वांत नाजूक असतात. या काळात दर आठवड्याला उकिडवे बसून हाताने निंदणी करावी लागते, आणि या कामाला पर्याय नाही.

कापणी

कापणीबद्दलचा एक नियम पाळला तरी हिरवळीचे बरेचसे आजार टळतात: एका वेळी पानाच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. हराळीची हिरवळ घरगुती वापरात ३ ते ४ सेंटिमीटर उंच ठेवावी. रुंद पानांचे सावलीतले गवत ५ सेंटिमीटरच्या खाली आणू नये. अनेक ठिकाणी महिना-दीड महिना गवत वाढू दिले जाते आणि मग माळी ते पार जमिनीपर्यंत भादरून टाकतो. असे केले की पिवळी खोडे उघडी पडतात, गवताला पुन्हा पाने काढण्यासाठी मुळांतला साठा खर्च करावा लागतो, आणि त्या आठ-दहा दिवसांत जमिनीवर थेट ऊन पडून तणाचे बी रुजते. गवत फार वाढलेच असेल तर चार-पाच दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत ते खाली आणावे.

पावसाळ्यात साधारण आठ ते दहा दिवसांनी, उन्हाळ्यात वाढ पाहून पंधरा दिवसांनी आणि थंडीत त्याहूनही कमी वेळा कापणी लागते. दर वेळी दिशा बदलावी. यंत्राच्या पात्याला धार आहे की नाही, हे कापलेल्या पानाचे टोक डोळ्यांजवळ धरून पाहिले की लगेच कळते: धार असेल तर काप सरळ आणि स्वच्छ दिसतो, नसेल तर टोकाला पांढरट तंतू लोंबतात आणि दोन दिवसांत सगळी हिरवळ करपल्यासारखी तपकिरी दिसू लागते. पाने ओली असताना कापू नये. वेळेवर कापणी होत असेल तर बारीक कापलेले गवत तिथेच पसरू द्यावे, कारण त्यातले नत्र मातीत परत जाते. तणाला तुरे किंवा बोंडे आलेली असतील तेव्हा मात्र सगळे कापलेले गवत गोळा करून बाहेर काढावे.

पाणी

रोज संध्याकाळी नळी हातात धरून पाच मिनिटे पाणी शिंपडणे ही आपल्याकडची सर्वांत रुळलेली सवय आहे आणि हिरवळीसाठी तीच सर्वांत घातक आहे. त्या पाण्याने वरचा अर्धा इंच भिजतो, गवताची मुळे तिथेच घुटमळतात, आणि वरचा थर सतत ओला राहिल्यामुळे बी मात्र छान रुजते. त्याऐवजी पाणी कमी वेळा पण खोलवर द्यावे. कडक उन्हाळ्यात हिरवळ हिरवीगार ठेवायची असेल तर आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागते. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर, या हिशेबाने २०० चौरस फुटांना आठवड्याला सुमारे ४६० लिटर पाणी होते. हे पाणी दोन वेळांत विभागून पहाटे किंवा सकाळी लवकर द्यावे. भुरभुऱ्या मातीत ते तीन वेळांत द्यावे.

तुषार सिंचन किती पाणी देते हे मोजायला सरळ बाजूंचे तीन-चार रिकामे डबे हिरवळीवर ठेवावेत, पंधरा मिनिटे तुषार चालू ठेवावेत आणि डब्यांत किती मिलिमीटर पाणी साठले ते पट्टीने पाहावे. नळीने पाणी देणाऱ्यांनी एक बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजून हिशेब करावा. पाणी कुठवर मुरले हे पाहण्यासाठी अर्ध्या तासाने लांब पेचकस मातीत खुपसावा. तो सहजपणे ४ ते ५ इंच आत गेला तर पाणी पुरेसे झाले आहे. पाणी देण्याची वेळ झाली आहे की नाही, हे गवत स्वतः सांगते: चालल्यावर पावलांचे ठसे बराच वेळ तसेच राहतात आणि रंगात निळसर करडी झाक येते.

ज्या गावात मार्चपासून टँकर सुरू होतो तिथे हिरवळीसाठी ४६० लिटर पाणी मागणे योग्य नाही, आणि त्याची गरजही नाही. हराळी पाण्याविना पिवळी पडते पण मरत नाही. दोन-तीन आठवड्यांतून एकदा जमीन खोलवर ओली केली, त्यावर चालणे टाळले आणि कापणी पूर्ण थांबवली, तर ती जूनपर्यंत तग धरते. भाज्या आणि धान्य धुतलेले पाणी यासाठी चालते. कूपनलिकेच्या जड पाण्याने मातीवर पांढरी पुटे धरत असतील तर पावसाळ्यात त्या जागेचा निचरा मोकळा ठेवावा, म्हणजे क्षार धुऊन खाली जातात.

खत आणि घट्ट माती

गवताला प्रामुख्याने नत्र लागते. वाढीच्या काळात, म्हणजे जून ते ऑक्टोबर आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये, दर सहा ते आठ आठवड्यांनी चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया पुरेसा होतो. २०० चौरस फुटांना हे प्रमाण सुमारे १८५ ग्रॅम होते. एवढा युरिया एकसारखा पसरणे अवघड असते, म्हणून तो दुप्पट-तिप्पट कोरड्या बारीक मातीत मिसळावा, त्याचे दोन भाग करावेत आणि एक भाग उभा, दुसरा आडवा असा फेकावा. पाने कोरडी असताना खत टाकून लगेच पाणी द्यावे, नाहीतर जिथे दाणे चिकटतात तिथे पाने जळतात. धो-धो पावसाच्या दिवसांत युरिया टाकू नये, कारण तो वाहून जातो. चाळलेले गांडूळखत किंवा नीट कुजलेले कंपोस्ट वर्षातून दोनदा पाव इंचाच्या थराने पसरून झाडूने गवतात उतरवले, तर युरियाची मात्रा निम्म्यावर आणता येते, आणि मला ही पद्धत अधिक पसंत आहे. काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत नत्र देऊनही नवी पाने पिवळीच राहिली तर ती लोहाची कमतरता असू शकते. अशा वेळी लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी फवारावे. फरशीवर उडाल्यास गंजाचे डाग पडतात, ते सांभाळावे.

पायवाटेची, फाटकाजवळची आणि झोपाळ्याखालची माती दगडासारखी घट्ट होते. तिथे पावसाळ्याच्या सुरुवातीला ओलसर मातीत बागकामाचा चार दाती काटा ३ ते ४ इंच खोल खुपसून किंचित हलवावा, वीतभर अंतरावर पुन्हा खुपसावा, आणि पडलेल्या छिद्रांत वाळू व कंपोस्टचे मिश्रण झाडूने भरावे. ज्या वाटेने रोज जाणे-येणे आहे तिथे सरळ फरशीचे तुकडे बसवावेत.

लव्हाळा

घरगुती हिरवळीतला खरा प्रतिस्पर्धी लव्हाळाच आहे. तो गवतासारखा दिसत असला तरी गवत नाही. त्याचा दांडा बोटांत फिरवून पाहिला की तीन कडा स्पष्ट लागतात; गवताचा दांडा गोल किंवा चपटा असतो. पाने गवतापेक्षा चकचकीत असतात, आणि कापणीनंतर दोन-तीन दिवसांत तो आजूबाजूच्या हिरवळीच्या वर डोके काढतो, म्हणून त्याची ठिकाणे शोधायची असतील तर कापणीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तिरप्या उन्हात पाहावे.

ओल्या मातीत खुरपे बाजूने घालून एक रोप हळुवार उचलले, तर त्याची सगळी रचना दिसते. दांड्याच्या तळाशी एक फुगीर भाग असतो, त्यातून तारेसारखी बारीक भूमिगत खोडे निघतात, आणि त्या तारांवर थोड्या-थोड्या अंतराने गाठी लागलेल्या असतात; कोवळ्या गाठी पांढऱ्या, जुन्या काळपट आणि फोडल्यावर सुगंधी. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा पडतो तो हाच किंवा याचा जवळचा भाऊबंद. नुसता वरून ओढला की दांडा तळाच्या फुगीर भागापाशी तुटतो आणि गाठी आत राहतात. इतकेच नव्हे, साखळीतली पुढची गाठ तुटली की तोवर निद्रिस्त असलेल्या मागच्या गाठींना कोंब फुटतात, म्हणून एकदा उपटल्यावर तो वाढल्यासारखा वाटतो. इथेच बहुतेक जण धीर सोडतात.

धीर सोडू नये, कारण हा हिशेब साठ्याचा आहे. प्रत्येक नवा कोंब गाठीतल्या अन्नावर वर येतो, आणि पाने काही आठवडे उन्हात राहिली की तो उसने घेतलेले परत करून नव्या गाठी धरू लागतो. म्हणून कोंब दिसल्यापासून दहा ते पंधरा दिवसांच्या आत तो काढलाच पाहिजे. नव्या लावणीत आणि कडेच्या वाफ्यांत अरुंद पात्याच्या खुरप्याने गाठीसह काढावा. दाट हिरवळीत जमीन फार उकरू नये, तिथे जमिनीखाली इंचभर दांडा कापत राहणे पुरे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत एकही फेरी न चुकवता हे काम केले, तर दुसऱ्या पावसाळ्यात त्याचा जोर उघड कमी झालेला दिसतो. त्याला सावली सोसत नाही, म्हणून हिरवळ दाट आणि थोडी उंच ठेवणे हा या कामाचा दुसरा अर्धा भाग आहे.

इतर तणे

आंबुशी कुंड्यांतून येते. तिची तीन हृदयाकृती पानांची वेल सांध्यासांध्याला मुळे धरते, आणि तिच्या उभ्या बारीक शेंगा पिकल्यावर हात लागताच तडकून बी लांब उडवतात. म्हणून शेंगा पिवळसर होण्यापूर्वी, पाणी दिल्यानंतर, मुळाचा मध्य शोधून ती उचलावी. रोपवाटिकेतून आणलेल्या प्रत्येक कुंडीची वरची अर्धा इंच माती काढून टाकण्याची सवय लावली तर आंबुशीचा प्रवेशच बराच थांबतो.

केना पावसाळ्यात हिरवळीच्या ओलसर कडेला येतो. निळी फुले दिसतात ती वरची. त्याला जमिनीखालीही फुले येतात, ती न उमलताच त्यांत बी तयार होते, आणि तुटलेल्या खोडाचा तुकडा ओल्या मातीत पुन्हा रुजतो. त्यामुळे तो लहान असतानाच मुळासकट काढावा व फरशीवर उन्हात पूर्ण वाळवावा. घोळीचेही तुकडे असेच रुजतात. फवारणी झालेली नसेल तर तिची भाजी होते.

गाजरगवताची भारतातील ठळक नोंद १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात झाली आणि पुढे ते देशभर पसरले. एका रोपापासून हजारो बिया तयार होतात, म्हणून पांढरी फुले येण्यापूर्वी, पाने जमिनीलगत पसरलेली असतानाच ते काढावे. हातमोजे घालावेत, कारण त्वचेला खाज व पुरळ येते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी फुलावर आलेल्या रोपांपासून दूरच राहावे. कुंपणाबाहेरच्या मोकळ्या जागेतले गाजरगवतही शेजाऱ्यांना सोबत घेऊन काढले पाहिजे, नाहीतर बी येतच राहते.

जमिनीला चिकटून वाढणारी दुधी आणि लांब दांड्यावर फूल धरणारी एकदांडी ही दोन्ही तणे बहुधा घट्ट, उपाशी जमिनीवर येतात; ती काढून तिथे काटा चालवावा व कंपोस्ट द्यावे. दुधीचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. कोकणात लाजाळू काट्यांसह पसरते. मुसळधार पावसानंतर माती मऊ असताना ती जाड हातमोज्यांनी मुळापासून ओढावी. शेवाळ गवताला मारत नाही, गवत मेलेल्या ओल्या सावलीच्या जागी ते वाढते. फांद्या छाटून ऊन आत आणणे आणि निचरा सुधारणे हाच त्यावरचा उपाय आहे.

तणनाशकांविषयी

काही शे चौरस फुटांच्या घरगुती हिरवळीला तणनाशकाची गरज नसते, असे माझे मत आहे. तरीही ज्यांना ते वापरायचे असेल त्यांनी काही गोष्टी जाणून घ्याव्यात. २,४-डी हे रुंद पानांच्या तणांवर चालते, लव्हाळ्याच्या गाठींचा ते बंदोबस्त करत नाही. त्याचे तुषार वाऱ्यावर उडून द्राक्ष, कापूस, टोमॅटो यांसारख्या पिकांना मोठी इजा करतात, त्यामुळे नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांच्या शेजारी ते हातात घेऊच नये. उसातल्या लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल वापरतात. हिरवळीवर ते वापरण्याआधी लेबल वाचावे, कृषी विभागातील तज्ज्ञांना विचारावे आणि एका कोपऱ्यात चाचणी घ्यावी. ग्लायफोसेट गवतासह सर्वच मारते, आणि त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारा आदेश केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढला. फवारणी झाल्यास मुले आणि पाळीव जनावरे किमान जागा पूर्ण वाळेपर्यंत दूर ठेवावीत, आणि तो पंप झाडांच्या इतर फवारणीसाठी पुन्हा वापरू नये.

मिठाचे पाणी टाकण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. तो मानू नये. मीठ मातीत साठते आणि तणाबरोबर गवताचीही जागा नापीक करते. फरशीच्या सांध्यांतील कोवळ्या तणावर उकळते पाणी ओतणे मात्र चालते.

पावसाळ्यानंतरची दुरुस्ती

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एखादा पट्टा पिवळा पडून हाताने सतरंजीसारखा सुटून येत असेल, तर खाली हुमणीच्या पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या शोधाव्यात. त्यांचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंबाच्या आणि बाभळीच्या झाडांवर जमतात. त्या वेळी फांद्या हलवून ते रॉकेलमिश्रित पाण्याच्या बादलीत गोळा केले तर पुढचे नुकसान पुष्कळ घटते. लहान जागेत अळ्या उकरून वेचल्या तरी पुरते.

पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडे पडलेले सगळे तुकडे भरून घ्यावेत, कारण थंडी सुरू झाल्यावर हराळीची वाढ मंदावते. तण काढलेल्या जागेवर दोन बोटे माती सैल करून थोडे कंपोस्ट मिसळावे. हिरवळीच्या दाट भागातून खुरप्याने दोन-तीन इंचांचे मुळांसह तुकडे काढावेत आणि ते उघड्या जागेत वीतभर अंतराने, भोवतालच्या पातळीला येतील असे बसवून पायाने दाबावेत. जिथून तुकडे काढले त्या खळग्यांत चाळलेली माती भरावी. पहिले दहा दिवस त्यांना रोज हलके पाणी द्यावे, नंतर ते इतर हिरवळीबरोबर आणावे, आणि नवे धुमारे एकमेकांना भिडेपर्यंत त्या भागावर कापणीयंत्र फिरवू नये.